तुतारीवाल्याने हात केला

आईला क्राकूवहून वितेकची गळामिठी,

मी मजेत आहे, जेवतोही. राजवाडा बाहेरूनच पाहिला. आत जाणार होतो, पण कबुतरांत रमलो. कड्यासारखे पाव विकणारी मावशी म्हणाली, "काय रे भटक्या, कालपासून एकटाच? बोलायला कुणी नाही?" म्हटलं, "तुम्ही आहात की!" ती हसली आणि गिऱ्हाइकाकडे वळली.

तेवढ्यात चर्चच्या बुरुजावर तुतारी वाजली. वाजवून झाल्यावर तुतारीवाल्याने खाली हात केला. चौकातल्या सगळ्यांनी केला, मीही. बाकीच्यांचे हात खाली गेले, माझा तसाच राहिला. त्याने पुन्हा केला.

मांजर व्याली का गं? मी काम सोडून निघालो तेव्हापासूनचा बाबांचा अबोला सुटला का? रविवारच्या बसने येतोय. बोलले नाहीत तरी चालेल. दारातून नुसता हात करू देत.

तुझाच,
वितेक