मोठं इंजिन आणि खाली गेलेलं नाक

तीर्थस्वरूप काका,

साष्टांग नमस्कार. तुमचा गुडघा कसा आहे? काकूंचा खोकला थांबला का? आम्ही मजेत आहोत. तुमची गाडीही मजेत आहे, म्हणजे तिच्यातलं जेवढं तुमचं उरलंय तेवढं.

चाळीस वर्षं जपलेली गाडी माझ्या हवाली करताना तुम्ही बजावलं होतंत की बोनेटच्या आत हात घालायचा नाही. मी घातला नाही, मेकॅनिकला घालायला लावला. काय करणार, चढावर सायकलवाले पुढे जायचे (एकाने तर वळून टाटा केला). म्हणून टेम्पोचं मोठं इंजिन बसवून घेतलं. मेकॅनिक माझाच जुना विद्यार्थी. "सर, आधी स्प्रिंगा बदलू," म्हणाला. मी म्हटलं, तू मला शिकवू नकोस (त्याला मी भौतिकशास्त्रात दोनदा नापास केलंय). गाडी पळाली, यात वाद नाही. फक्त नाक खाली आणि शेपूट वर. दिव्यांचा उजेड चाकांपुढे हातभर पडायचा, ब्रेक दाबला की गाडी लोटांगण घालायची, आणि एका गतिरोधकावर बंपर सोडून आलो (दुसऱ्या दिवशी जाऊन आणला). मग मी डोकं लढवून डिकीत वाळूची दोन पोती टाकली. गाडी मागूनही बसली आणि चारही चाकं घासू लागली.

शेवटी नाक मुठीत धरून त्याच्याकडेच गेलो. त्याने पोती उतरवली, हात पुसले आणि चार गिऱ्हाइकांसमोर विचारलं, "सर, वजन वाढवलंत, पण ते पेलायचं कुणी?" मला उत्तर येत होतं, तरी मी फक्त पाकीट काढलं. त्याने जाड स्प्रिंगा, नवे शॉक ॲब्सॉर्बर आणि मोठे ब्रेक बसवले. आता गाडी वळणावर झुकत नाही, खड्ड्यात आदळत नाही.

काका, तुम्ही अबोला धरलात की वर्षभर सोडत नाही, हे आत्याने सोसलंय. मला ते जमायचं नाही. मला तुमचा फार धाक वाटतो, आणि त्याहून जास्त तुमची आठवण येते.

तुमचा एरवी आज्ञाधारक,
पुतण्या

ता. क. जुनं इंजिन विकलेलं नाही. आमच्या जेवणाच्या टेबलाखाली आहे. तुमची सूनबाई त्यावरची धूळ रोज पुसते आणि माझ्याशी बोलत नाही.

आणखी एक ता. क. हे पत्र दाराखालून सरकवलंय, कारण समोर उभं राहून सांगायची छाती झाली नाही. मी फाटकाबाहेर गाडीतच बसलोय. स्टिअरिंगपुढची जागा रिकामी ठेवली आहे, किल्ली लावलेली आहे. रागवायचंच असेल, तर आधी चढापर्यंत जाऊ आणि परत येताना रागवा.