पावाऐवजी ब्रेड

ज्ञानू,
फर्स्ट शिफ्टला निघालोय, चहा झाकून ठेवलाय. काल मनोरला टायर बघायला नव्हतो गेलो. ज्या सुजितशी तुझ्या लग्नाला मी नाही म्हणतोय, त्याच्या नाशिककर आईच्या हॉटेलात मिसळ खायला गेलो होतो. मी कोण, ते सांगितलं नाही.

नाशिकची मिसळ आपल्या कोल्हापुरी कटापुढे पाणी, असं समजायचो. पण काय तो काळ्या मसाल्याचा रस्सा! मटकीचा दाणा न् दाणा वेगळा, सोबत भाजलेला पापड. रस्सा तीनदा मागून घेतला. फक्त, गावच्या सवयीने पावाऐवजी ब्रेड मागून बसलो.

बाई गालात हसल्या. "कोल्हापूरचे ना? ज्ञानेश्वरीचे बाबा?"

रविवारी मायलेकांना घरी बोलाव. कट मी करतो. ब्रेड नको, पाव आण.

बाबा