व्हॅक्यूम लीकची तर्कशुद्ध मीमांसा

५ फेब्रुवारी, सोमवार
आमची मोटार वृद्ध आहे, जर्जर नाही. धावताना तिची तक्रार नसते. सिग्नलला उभी राहिली की मात्र हिवताप भरल्यागत कापते आणि बंद पडते. आज सौ.च्या कचेरीसमोरच्या चौकात दोनदा. मागच्या टेम्पोवाल्याने माझ्या पूर्वजांचे स्मरण केले. सौ.ने तिथल्या तिथे तह मांडला : रविवारी याच चौकात तांबडा दिवा संपेपर्यंत गाडी जिवंत राहिली तर किल्ली माझ्याकडे, नाहीतर कायमची तिच्याकडे. लायसन्स तिने केव्हाच काढले आहे. “गाडी लहरी आहे, तुला झेपायची नाही” असे सांगून मी ते आजवर कपाटात सुरक्षित राखले. तह मान्य. तर्कशास्त्राच्या प्राध्यापकाला यंत्राचे भय ते काय! मेकॅनिक वर्ज्य.

६ फेब्रुवारी, सकाळी
ग्रंथावलोकन झाले, निदानही झाले. इंजिन हवा ओढते, तीत पेट्रोल मिसळते. एखादा पाइप चिरला की तेथून चोरटी हवा आत शिरते, मिश्रण पातळ होते आणि उभ्या गाडीला आचके येतात. यास व्हॅक्यूम लीक म्हणतात. चीर शोधणे, चीर बुजवणे. दोन क्रियापदांचे काम. उद्या आटोपेल.

संध्याकाळी
तूर्त गाडी कोठेही उभीच न करण्याचे धोरण अवलंबिले. सिग्नल चुकवीत गल्ल्यागल्ल्यांतून गेलो. कचेरीपाशी वेग मंदावून सौ.ला अवतरण करण्याची विनंती केली. ती म्हणाली, मी काय पेपर आहे, जाता जाता फाटकात टाकायला? तरी उतरली. चपळ आहे. एक चप्पल गाडीतच राहिली.

७ फेब्रुवारी
श्रवणपद्धती. रबरी नळीचे एक टोक कानाशी, दुसरे इंजिनावर फिरवले. उजव्या अंगास स्पष्ट ‘सुर्र’ ऐकू आले. युरेका! इंजिन बंद केले. ‘सुर्र’ चालूच. कुंपणापलीकडे शेजारच्या काकांचा बागेचा पाइप फुटला होता. काका म्हणाले, एवढं सापडलंच आहे तर टेप मारून द्या. मारून दिली. पद्धती निर्दोष आहे, गळती सापडलीच.

८ फेब्रुवारी
फवारापद्धती. पाइपांवर ज्वलनशील द्रव फवारावा. जेथे इंजिनचा आवाज चढेल तेथे चीर. तसला स्प्रे घरी नव्हता, सौ.चा सेंट होता. जेथे फवारावे तेथे आवाज चढला! सिद्धान्त : गळती सर्वव्यापी आहे. (एअर फिल्टरचे झाकण सोयीसाठी उघडे ठेवले होते व इंजिन तेथूनच सेंट ओढत होते. नोंदण्याइतके महत्त्वाचे नाही.)
सौ. बाहेर येऊन हुंगून म्हणाली, इंजिनला कुठं लग्नाला न्यायचंय का? रिकामी बाटली मी आदरपूर्वक परत केली.

९ फेब्रुवारी
मेहुण्याचा फोन. तो बँकेत असतो. म्हणाला, भावजी, गाडी चालू ठेवा आणि एकेक पाइप चिमटीत दाबून बघा. ज्याच्यावर आवाज सुधारेल तो चोर. एकेक करून! ही किराणा दुकानदाराची पद्धत झाली. जेवताना सौ.ला हे हसून हसून सांगितले. तिला हसू आले नाही.
माझी योजना समष्टीची : सर्वच बुजवावे. चार रिळे टेप, दोन नळकांडी सीलंट.

१० फेब्रुवारी
बुजवले. गाडी सुरूच होईना. इंजिनास थोडी हवा लागते, असे दिसते. काही ठिकाणची टेप उदार अंतःकरणाने काढली. इंजिनाचा उभ्या जागचा वेग ठरवणारा स्क्रू पिळून तो वाढवला. आता उभ्या गाडीतून विमानाची गर्जना येते. काकांनी खिडक्या लावून घेतल्या. विजय निश्चित.

११ फेब्रुवारी, रविवार
निघण्यापूर्वी सभ्यतेखातर स्क्रू किंचित मागे घेतला. शेजारी सौ., मागे साक्षीदार म्हणून मेहुणा. चौक. तांबडा दिवा. आणि काय ती शांतता! कंप नाही, आचका नाही. मी मागे वळून विषयाचे समग्र विवेचन केले. मेहुणा काही बोलू पाहत होता, हाताने थोपवले. हिरवा दिवा लागला. सौ. म्हणाली, “अहो, ती केव्हाच बंद पडलीय.”
सुकाणू मी सांभाळले. ढकलणाऱ्यांत दोघेही होते.
घरी सौ.ने किल्ली मागितली. मी तहाच्या व्याख्येचा मुद्दा काढला. तिने नुसता हात पुढे धरला.

१२ फेब्रुवारी
सौ.ने रजा काढली. टेप सोलली. स्क्रू पूर्ववत केला. हातात सांडशी, सांडशीच्या तोंडाला फडकी. गाडी चालू करून एकेक पाइप दाबत गेली. एका बारक्या पाइपावर इंजिन एकदम सावरले. त्याचे टोक चिरले होते. चिरलेले कापले, उरलेले घट्ट बसवले. माझा चहा अजून निवायचा होता.
चहा निष्कारण कडू लागला. तिची ही पद्धत मीच तिला कथन केली होती, याची नोंद असावी.

१३ फेब्रुवारी
सौ. चालवत होती. मी शेजारी बसणार, तो तिथे तिची पर्स. मागे बसलो. गाडीविषयी मौलिक सूचना द्यायचे ठरवले होते. तांबडा दिवा लागला. तिने गाडी थांबवली, हात मांडीवर ठेवले, आरशात पाहून केस सारखे केले. इंजिन चालूच. कॉलेज आले. सौ.ने गाडी पूर्ण थांबवली. मी दार उघडून आधीच उडी मारली होती.
डावा गुडघा सुजला आहे.