श्रावणीनं विचारलेलं

प्रिय आईस,
संघप्रियाचा मनापासून जय भीम.

मी बरी आहे, जेवण वेळेवर होतंय. तुझे गुडघे कसे आहेत? फोनवर रडू आलं असतं, म्हणून लिहितेय.

सोलापुरातलं ट्रेनिंग संपत आलं. जी लेकरं बरी होणार नाहीत, त्यांचं दुखणं हलकं कसं करायचं, ते आम्हा नर्सना शिकवतात. वॉर्डात श्रावणी होती, सात वर्षांची. तिनं विचारलं, "सिस्टर, मी मरणार का?" खोटं बोलायचं नाही, असं शिकवलंय. मी तिचा हात धरून म्हणाले, "तुला काय वाटतं?"

"मरणार. पण पप्पांना सांगू नका."

पप्पा मागंच उभे होते. "पोरीच्या मनात हे कुणी घातलं?" म्हणत, रडतच ते तिला घरी घेऊन गेले. दुखणं थांबवायचं औषध इथंच राहिलं. मी ते घेऊन त्यांच्या घरी गेले. त्यांनी दार उघडलं नाही. आत ती कण्हत होती गं.

आम्हाला शिकवणाऱ्या मॅडम म्हणतात, तुझं काही चुकलं नाही.

दादाच्या पोरीचा खोकला थांबला का?

पुढच्या आठवड्यात सर्टिफिकेट देणार आहेत. त्यासाठी तू कुर्डुवाडीहून येणार होतीस ना? नको येऊस.

तुझीच,
संघप्रिया