नळीतले एकतीस बुडबुडे

६ मे, सोमवार
एकतीस! नळीत एकतीस बुडबुडे आले. तीनदा मोजले. न्यूट्रॉन लागला की या मापक नळीतल्या जेलमध्ये बुडबुडा उमटतो. न्यूट्रॉन डोळ्यांना दिसत नाहीत — पण त्यांच्या खुणा आज मी बोटाने मोजल्या.

हॉस्पिटलचं नवं किरणोपचार यंत्र वरच्या ऊर्जेवर चालवलं की फोटॉन आतल्या टंगस्टनवर आपटतात आणि अणुकेंद्रातून न्यूट्रॉन उडतात. ते वळणाच्या बोळातून दारापर्यंत किती पोचतात, हे मोजायचं माझं काम. बुडबुडे दहाच्या आत हवेत. नाहीतर दार बदला, तोवर वरची ऊर्जा बंद. दाराबाहेर स्टुलावर सत्यवतीमावशी दिवसभर बसतात, पेशंटना आत सोडतात.

आमचे विभागप्रमुख सुमंत सर आकडा बघून हसले. "वाडीहून स्कूटीवर आणलीस ना नळी? पंचेचाळीस डिग्रीत?" खरंच की! उष्णतेनं बुडबुडे वाढतात, हे आम्हाला पहिल्याच दिवशी शिकवलेलं. बावळट मी. खोडला आकडा.

७ मे
नळी आता इथेच, बोळात दाराजवळ, एसीत. मावशींना बजावलं, हिला गारवा हवा. "माह्यावर सोडा म्याडम. लेकरावानी जपीन."

८ मे
नऊ!!

१० मे
पुन्हा नऊ. काल आठ. माझ्या गणिताशी तंतोतंत! सरांनी तर्री-पोहे खिलवले. अहवालावर माझी सही — आयुष्यातली पहिली. येत्या वीसला वरची ऊर्जा सुरू. आईला फोन करून सगळं सांगितलं, तिला काही कळलं नाही, तरी ती रडली.

१५ मे
सहज हौस म्हणून आणखी एकदा मोजलं. बत्तीस.
एसी चालू, बोळात बावीस डिग्री. यंत्र तेच, नळी तीच. सर म्हणाले, "नळी बिघडली असेल, सोडून दे." कशी सोडू!

१६ मे
सापडलं! 
सकाळी मावशी बोळात उभ्या राहून कुरकुरत होत्या. "काल कॅनवाला आलाच नाही. तुमच्या नळीले गारवा कुठून देऊ?"
कुठले कॅन, म्हटलं.
"काहून, तुम्हीच तं म्हनल्या गारवा पायजे! थंड पान्याचे सहा कॅन रोज तिच्यापुढे लावून ठेवत होती मी."

मी रोज पाहिलेत ते कॅन. दोनदा त्यातलं पाणी प्यायलेय! मे महिन्यात नागपुरात पाण्याचा कॅन कुठे नसतो? डोळ्यांना तो दिसतच नाही. आणि न्यूट्रॉनला अडवायला पाण्याइतकं स्वस्त दुसरं काही नाही — हे मी परीक्षेत लिहून आलेय.

कॅन भरून लावले: नऊ. काढले: एकतीस. पुन्हा लावले: आठ. मी बोळात नाचले. मावशीपण हसल्या. मग स्कूटीवर बसताना लक्षात आलं — पहिल्या दिवशीचा आकडा खरा होता. तो मी खोडला, आणि गारव्याच्या पाण्यावर सही केली.

१७ मे, शुक्रवार
अहवाल मागे घेतला. सर बोलत नाहीत. मावशींना समजावून सांगितलं, दार का बदलायचं, वीसचा सोमवार का रद्द.
त्यांनी स्टुलाकडे बघितलं. मग म्हणाल्या, "नळी तं तू घेऊन गेली असती. मंग माह्यासाठी पानी कोन लावनार होतं वं, पोरी?"