हाना विकायची की ठेवायची

९ एप्रिल
सासऱ्यांच्या कंबरेचं ऑपरेशन झालं आणि मी टोकियोतलं फुनाबोरीचं घर नवऱ्यावर, ताकुमीवर सोपवून इथे, क्यूशूत, त्याच्या बाबांच्या गोठ्यात. तोयोसूच्या ऑफिसने तात्पुरतं रिमोट दिलंय. सकाळी शेण, मग मीटिंग. आज मधेच हाना हंबरली. मॅनेजर: "मृणाल-सान, आवाज कसला?" खरं ते सांगितलं. कोणी हसलंसुद्धा नाही!
हाना म्हणजे काळी कालवड. माझी बाही चाटून चाटून ओली करते. पुढच्या महिन्यात वासरांचा लिलाव. ओतोसान, म्हणजे सासरे, म्हणाले, "या वेळी तू ने." मी? बीफ न खाणारी मी?

१४ एप्रिल
लिलावाचे जुने भाव शीटमध्ये टाकले. भाव पडलेत, चारा महाग. म्हातारे लोक गोठे बंद करतायत, गाई काढतायत. म्हणजे पुढे वासरं कमी, भाव वर. म्हणजे चांगल्या वंशाची कालवड आत्ता ठेवावी. असं निघतंय खरं. पण आकडे सांगतायत की मीच त्यांच्याकडून वदवून घेतेय? काही कळत नाही बाई.
शिवाय ती गाभण राहणार, विणार, वासरू बाजारात जाणार, तोवर वर्षं जातील. ओतोसानांना झेपेल? ठेवायची म्हणजे आम्ही इथे यायचं. हे कुठल्या कॉलममध्ये घालू?

१९ एप्रिल
पुण्याहून आईचा फोन. "कापायला का गं?" "नाही, आधी दुसरा शेतकरी घेतो, पोसतो, मग..."
"आणि ठेवलीस तर?"
तर तिची वासरं जातील. म्हणजे ठेवूनही सुटका नाहीच. शेवटी आई म्हणाली, "आहे तोवर नीट खाऊ तरी घाल."

२७ एप्रिल
फजिती. ओतोसान काठी टेकत गोठ्यात आले, हानाच्या शेपटीच्या मुळाशी चाचपलं. "खुराक किती घालतेस?"
मापाने. आणि वर एक ओंजळ. दोन्ही वेळा. आपल्याकडे आग्रह केल्याशिवाय वाढल्यासारखं वाटतच नाही, हे जपानीत कसं सांगू?
"चरबी धरलीय हिने. घेणाऱ्याला हाडापेराने मोठं, गवतावर पोट तयार झालेलं वासरू हवं. चरबी तो नंतर स्वतः चढवतो. तुझी चरबी त्याला आधी उतरवावी लागणार."
मेल्याहून मेल्यासारखं झालं. आता खुराक मापात, गवत भरपूर. हाना ओंजळीची वाट बघत उभी.
ती विकली जाऊ नये म्हणून मी मुद्दाम तर नाही ना... छे! काहीतरीच.

८ मे
ओतोसानांनी एक भाव मनाशी धरलाय. त्याच्या वर गेली तर विकायची. खाली राहिली तर मालकाने हात वर करून परत आणायची, तशी सोय आहे तिथे. ताकुमी फोनवर: "बरं झालं, बाजारच ठरवेल." असा राग आला! बाबा तुझे, गोठा तुझा, आणि ठरवणार बाजार?

१२ मे
हानाला घासूनपुसून नेली. दावं माझ्या हातात, ओतोसान बाजूला खुर्चीत. घेणाऱ्यांनी शेपटीशी चाचपलं, एकमेकांकडे पाहिलं. माझ्या ओंजळी सापडल्या त्यांना.
बोर्डावर आकडा चढला, चढला, थांबला. ठरल्या भावाच्या जरासाच खाली. एवढ्याशासाठी द्यायलाही हरकत नव्हती. ओतोसानांकडे पाहिलं. ते बोर्डाकडे बघतच नव्हते, माझ्याकडे बघत होते.
हात वर गेला. माझाच.
परतताना विचारलं, "चुकलं का माझं?" "तुझ्या शीटला विचार," म्हणाले आणि हसले. ऑपरेशननंतर पहिल्यांदाच.
ताकुमीला फोन केला. हाना परत आणली, सांगितलं. तो म्हणाला, "म्हणजे आता आपण तिथे..."
रविवारचं टोकियोचं परतीचं तिकीट अजून रद्द केलेलं नाही. संध्याकाळचं गवत मीच घातलं. खुराकही. मापात.