वाढदिवसाच्या सुपावरून श्री. क्वाक यांची परीक्षा घेणेबाबत

प्रति,
मा. कक्षप्रमुख,
खाजगी शिकवणी वर्ग नियंत्रण कक्ष,
विभागीय शिक्षण कार्यालय, सोल.

विषय : कु. प्यो यू-दान (वय सात, इयत्ता पहिली) हिच्या नापास होण्याचे खापर समुद्री शेवाळाच्या सुपावर फोडणारे गणित-वर्गाचे संचालक श्री. क्वाक यांना तशाच पेपरला जाहीरपणे बसवणेबाबत.

संदर्भ : आपल्या कक्षातील बाईंशी फोनवर झालेले बोलणे ("सूप आमच्याकडे येत नाही हो. लेखी द्या.")

महोदय,

बालकाचे हसू हीच शहराची खरी श्रीमंती, असे आपल्या कार्यालयाच्या लिफ्टमध्ये लिहिले आहे. लिफ्ट मध्येच अडकल्याने मला ते सावकाश वाचता आले. सोबत एक बालक होते. ते गृहपाठ करीत होते.

१. वाढदिवसाला शेवाळाचे सूप पाजायचे आणि परीक्षेच्या दिवशी, ते बुळबुळीत, प्यायले की मूल घसरून नापास होते, म्हणून घरातही आणायचे नाही, हे दोन्ही नियम आपणही पाळत असालच. दोन्ही एकाच तारखेला आल्यास काय करावे, याचे परिपत्रक कोठेही आढळत नाही. यू-दानचा वाढदिवस आणि श्री. क्वाक यांच्या वर्गाची प्रवेशपरीक्षा एकाच सकाळी आली. मी बाप आहे. मी सूप केले. ते तिला आवडते. ती दोन वाडगे प्यायली.

२. नाव नोंदवताना, आज हिचा वाढदिवस आहे, असे मी कौतुकाने बोलून गेलो. ही माझी चूक. श्री. क्वाक सर्व पालकांदेखत म्हणाले, "अहो यू-दानचे बाबा, म्हणजे सकाळी शेवाळाचं सूप? झालं मग!" आया हसल्या. एकीने आपल्या मुलाला माझ्यापासून दूर बसवले.

३. पेपर चालू असताना आम्ही पालक काचेबाहेर उभे होतो. पहिलीच्या मुलांना चौथीची गणिते होती. यू-दानने मध्येच हात वर केला. श्री. क्वाक यांनी काहीतरी म्हणत तो खाली करण्याची खूण केली; काचेतून ऐकू आले नाही. तिला उत्तर सर्वांआधी आले असावे, असे समजून मी शेजारच्या बाईंकडे अभिमानाने पाहिले. नंतर ती खुर्चीत डावी-उजवीकडे सरकू लागली. श्री. क्वाक दारातून डोकावून म्हणाले, "बघा, खुर्चीवरूनसुद्धा घसरतेय!" शेवटची पाने कोरी राहिली. ती नापास झाली.

४. तेव्हापासून आमच्या इमारतीतील मुले तिला "घसरगुंडी" म्हणतात. अंगणातल्या खऱ्या घसरगुंडीवर ती आता बसत नाही. अभ्यासाला बसली की डावी भुवई उपटते. निम्मी उरली आहे. पत्नी म्हणते, "एक दिवस अंडं-भात दिला असतात तर काय तुमचा हात मोडला असता?" घरातले शेवाळ तिने शेजारणीला देऊन टाकले. यू-दानने पुढच्या वाढदिवसाला काहीच नको, असे आत्ताच सांगून ठेवले आहे.

५. मी शांत गृहस्थ आहे. श्री. क्वाक यांना इजा व्हावी अशी माझी इच्छा नाही. त्यांना लाज वाटावी एवढेच मागणे आहे, मात्र ती भरपूर वाटावी. सबब विनंती की,

(अ) श्री. क्वाक यांना मी स्वहस्ते केलेले सूप पाजून, त्याच वर्गात, त्याच लहान खुर्चीवर, वयाला साजेशा म्हणजे तीन इयत्ता पुढच्या पेपरला बसवावे.

(ब) आम्हा पालकांना काचेबाहेर उभे राहू द्यावे. हसण्यास मनाई नसावी.

(क) त्यांच्या इमारतीवर हुशार मुलांच्या नावांचे कापडी फलक झळकतात. त्यांच्याच मापाचा फलक लावावा : "क्वाक, वय चोपन्न, घसरले." तो पावसात भिजला तर नवा लावावा.

(ड) फेरपरीक्षा देऊ नये. रडल्यास तर मुळीच देऊ नये.

(इ) आणि त्यांनी आमच्या अंगणात येऊन, मुलांसमोर, सूप आणि गणित यांचा काही संबंध नाही, असे मोठ्याने सांगावे. बाकीचे नाकारलेत तरी एवढे कराच. पोरीने पुन्हा घसरगुंडीवर बसावे, इतकीच माझी खरी मागणी आहे. वरच्या चार माझ्या समाधानासाठी आहेत.

आपला नम्र, पण विसरभोळा नसलेला,
प्यो मुन-गिल
देची-दोंग, सोल
दि. २ डिसेंबर

सोबत : १) त्वचारोगतज्ज्ञांचा दाखला (भुवई, डावी).
२) सुक्या शेवाळाचे पाकीट, श्री. क्वाक यांच्याकरिता.

ता. क. : लिफाफा चिकटवत असता पत्नीने विचारले, "अहो, पण पानं कोरी का सोडली, हे पोरीला कुणी विचारलंय का?" कोणी विचारले नव्हते. विचारले. ती म्हणाली, "बाबा, मला शू लागली होती. हात वर केला तर सर म्हणाले, पेपर झाल्यावर जा." सूप ती दोन वाडगे प्यायली होती, हे कलम १ मध्ये नमूद आहेच.